मोटार जळाली की फोन तुम्हालाच का यावा? खान्देशातल्या नव्या कारागिरासाठी जाहिरातीचं गणित

दुकान टाकलं त्या वर्षी मी पाच हजार पत्रकं छापली होती. पिवळा कागद, लाल अक्षरं, वर गणपती, खाली ‘आमच्याकडे सर्व प्रकारची कामे खात्रीशीर केली जातील’. पेपरात घालून वाटली, एस.टी. स्टँडवर वाटली, उरलेली भावाने शाळेच्या गेटवर वाटली. त्यावरून दोन फोन आले. एकाला भाड्याने खोली हवी होती. दुसरा प्रेसवालाच होता, उरलेल्या पैशांसाठी.

त्याच महिन्यात एका आप्पांच्या विहिरीवर मोटार बसवताना ती चालू-बंद करायच्या स्टार्टरच्या पेटीच्या दारावर मी मार्करने माझा नंबर लिहून ठेवला होता. लिहिला होता तो सालदाराने (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने) मागितला म्हणून, जाहिरात म्हणून नव्हे. पुढच्या उन्हाळ्यात त्या एका पेटीवरून शिवारातली सहा कामं आली. शेजारच्या शेतकऱ्याची मोटार जळाली की तो बांधावरून आप्पांच्या सालदाराला विचारायचा आणि सालदार पेटी उघडून नंबर वाचून दाखवायचा.

आयटीआय करून, किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षं काढून जो पोरगा आता स्वतःचं शटर उघडतोय, त्याच्यासाठी हा लेख आहे. काम मोटार रिवाइंडिंगचं (जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं) असो, प्लंबिंगचं, कूलर-फ्रीज-एसीचं, रंगाचं किंवा फॅब्रिकेशनचं. उदाहरणं बहुतेक मोटारीची येतील, कारण माझा हात तिथे बसलेला आहे.

आधी एक वही घ्या

पत्रकाच्याही आधी वही. शंभर पानी पुरेल. तारीख, नाव, गाव, काम, किती झाले, असे नेहमीचे रकाने आखा आणि शेवटी एक रकाना वाढवा: ‘नंबर कुठून मिळाला?’

हा प्रश्न प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचा. फोनवर लगेच नाही. माणूस घाईत असतो, पीक वाळत असतं. काम संपल्यावर, चहा पिताना विचारायचं: “दादा, माझा नंबर कोणी दिला तुम्हाला?” उत्तर जसं मिळेल तसं लिहायचं. ‘पाइपच्या दुकानातून’, ‘गूगलवर’, ‘मेव्हण्याने’, ‘कूलरच्या मागे चिकटवलेला होता’. तीन-चार महिन्यांनी तो रकाना वरून खाली वाचून काढा. पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे कुठल्याही जाहिरात एजंटापेक्षा तो नीट सांगेल. माझ्या वहीत पत्रकाचं नाव जवळपास नव्हतंच, म्हणून मी पत्रकं बंद केली. तुमच्या वहीत कदाचित पत्रकच वर येईल. रंगकाम करणाऱ्या माझ्या एका मित्राचं तसंच झालं.

एका ओळीत सांगता आलं पाहिजे

‘सर्व प्रकारची कामे’ हे वाचून कोणाला काही आठवत नाही. माणसाच्या डोक्यात नाव राहतं ते अडचणीला चिकटून. ‘बोअरची मोटार काढून, बांधून, परत टाकून देतो’ हे आठवतं. ‘कूलरची मोटार त्याच दिवशी’ हे आठवतं. तुम्हाला दहा कामं येत असतील, करा ना, पण बोर्डावर दोनच ठेवा. बाकीची गिऱ्हाईक घरात आल्यावर स्वतःच विचारतं: “पंखाबी पाहून घ्या भाऊ.”

त्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय करता, कुठपर्यंत जाता, किती वेळात पोचता. ‘चोपडा आणि आसपासची वीस किलोमीटरमधली गावं, सकाळी फोन केला तर संध्याकाळच्या आत’ अशी. जेवढं जमतं तेवढंच लिहा. आडगावातल्या माणसाला ‘आज येतो’ म्हणून उद्या गेलात, तर तो गावात जे बोलेल ते बोर्डाने झाकलं जाणार नाही.

बोलीचा विचारही इथेच करा. अमळनेर, पारोळा, धुळे, शिरपूरकडे बोर्डावर किंवा व्हॉट्सअॅपवर ‘मोटार जळनी का? फोन करा!’ असं अहिराणीत लिहिलं की माणूस थांबून हसतो आणि लक्षात ठेवतो. हीच ओळ रावेर-यावलमध्ये टाकली तर परगावची वाटेल. तिकडे लेवा बोली. नंदुरबार-शहाद्याकडे गुजर, भिल्ली, पावरा असं बरंच काही कानावर येतं. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सरळ मराठी आणि हिंदी चालते. जी बोली तुमच्या घरात नाही ती नुसती जाहिरातीसाठी उसनी आणू नका. चुकलेला एक शब्द लोक वर्षभर चिडवायला वापरतात.

बोर्ड आणि नंबर

नंबर एकच ठेवा आणि तो आयुष्यभर जपा. कंपनी बदलायची असेल तर नंबर पोर्ट करून घ्या, स्वस्तातल्या नव्या सिमच्या मोहात जुना सोडू नका. पाच वर्षांपूर्वी चिकटवलेलं स्टिकर आजही काम आणतं ते नंबर तोच आहे म्हणून.

बोर्डाची परीक्षा सोपी आहे. रस्त्याच्या पलीकडे जा, मित्राला मोटारसायकलवरून नेहमीच्या वेगाने जायला सांगा. त्याला काम आणि नंबर वाचता आला तर बोर्ड पास. प्रोप्रायटरचं नाव, देवाचा फोटो, कंपन्यांचे दहा लोगो यांच्यात नंबर हरवलेले बोर्ड आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. आणि लाल रंगावर फार विसंबू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हात लाल अक्षर सगळ्यांत आधी फिकं पडतं. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं टिकतं.

बोर्ड मराठीत हवाच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठीतली पाटी सक्तीची झाली आहे. शेजारी दुसरी लिपी चालते, पण मराठी अक्षर तिच्याहून लहान असता कामा नये. एकदाच नीट करून घ्या, नंतर पुन्हा खर्च नको.

स्टिकर: जिथे बिघाड, तिथे नंबर

आता माझ्या आवडीचा विषय. यावर जरा जास्त लिहितो, कारण कमीत कमी पैशात सगळ्यांत जास्त काम यानेच दिलं.

मोटार जळते तेव्हा शेतकरी कुठे उभा असतो? स्टार्टरच्या पेटीसमोर. त्या घडीला तो पेपर उघडत नाही, कपाटातलं कार्ड शोधत नाही. नजरेसमोर पेटी असते आणि हातात मोबाइल. म्हणजे तुमची जाहिरात त्या पेटीत पाहिजे.

पण नुसता नंबर चिकटवला तर पुढचा कारागीर तो खरवडून स्वतःचा लावतो. म्हणून स्टिकर गिऱ्हाइकाच्या कामाचं करा. माझ्या स्टिकरवर वर नंबर असतो आणि खाली रिकाम्या जागा: मोटार किती एचपीची, किती फुटांवर सोडली, केबल कोणती, कपॅसिटर कधी बदलला, काम केल्याची तारीख. त्या मी जागेवरच पेनाने भरतो. पुढच्या वेळी मोटार काढायची तर किती पाइप निघणार हे शेतकऱ्याला पेटीतच वाचायला मिळतं. असं स्टिकर तो स्वतः कोणाला फाडू देत नाही.

कागदी स्टिकर घेऊ नका. पेटी पत्र्याची, वरून ऊन पंचेचाळीस अंशाचं, डिंक वितळून स्टिकर खाली गळून पडतं. विनाइलचं घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला लावा. आधी फडक्याने धूळ आणि तेल पुसा. घाईत धुळीवर लावलेली स्टिकरं मी पहिल्या वर्षी मोजून गमावली.

हीच युक्ती बाकीच्या धंद्यांतही चालते. रंगारी असाल तर कपाटाच्या दाराच्या आत किंवा मेन बोर्डाच्या झाकणामागे लिहा: हॉलचा शेड नंबर अमुक, बेडरूमचा तमुक, कंपनी कोणती, तारीख. दोन वर्षांनी एका भिंतीला ओल आली की घरमालक तोच शेड शोधतो, आणि तुमचा नंबर त्याच्याच खाली असतो. इन्व्हर्टरवाल्याने बॅटरीवर पाणी टाकल्याची तारीख लिहावी. प्लंबरने मेन व्हॉल्व्हला छोटा बिल्ला अडकवावा: ‘गळती झाली तर आधी हा बंद करा, मग फोन करा’. हे वाचून घाबरलेल्या माणसाचं घर पाण्यापासून वाचतं आणि नंबरही डोळ्यांसमोर येतो. फॅब्रिकेशनवाल्याने गेटवर बोटाएवढी पट्टी वेल्ड करावी. ती पिढीभर राहते.

आणि सालदाराला विसरू नका. मळ्यात रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला तोच असतो. मोटार बंद पडल्याचं पहिलं त्याला कळतं, मालकाला नंतर. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवे सालदार ठरतात, म्हणजे दरवर्षी त्या सुमाराला तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या मळ्यात नवा माणूस आलेला असू शकतो. आखाजीनंतर एक फेरी मारा, त्याच्या मोबाइलमध्ये नंबर टाकून द्या.

जे काम पाठवतात ती माणसं

नव्या कारागिराला गिऱ्हाईक थेट कमी मिळतं, कोणाच्या तरी तोंडून जास्त मिळतं. ती तोंडं कुठे आहेत ते शोधा: पाइप आणि ड्रिपचं सामान विकणारे, इलेक्ट्रिकचं दुकान, हार्डवेअर, कृषी केंद्र, बोअरच्या गाडीवाले, गवंडी मिस्त्री, गावातला वायरमन. ठिबकच्या जोरावर केळी उभी असलेल्या आपल्या भागात पाण्याच्या दुकानाच्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी “मोटारवाला आहे का कोणी चांगला?” असं विचारतोच.

काउंटरवर कार्डांचा गठ्ठा ठेवून निघून येऊ नका. दुकानदाराचं एखादं छोटं काम आधी करून द्या, त्याला तुमचा हात दिसू द्या. तो नाव सांगतो तेव्हा स्वतःची पत गहाण ठेवत असतो. तुम्ही काम बिघडवलं की शिव्या त्याला पडतात.

टक्क्याचा प्रश्न येणारच. काही ठिकाणी पाठवणाऱ्याला कामामागे काही तरी द्यायची रीत आहे. मी रोख देत नाही. सामान त्याच्याच दुकानातून घेतो आणि बिल गिऱ्हाइकाच्या हातात देतो. दोघांचंही भागतं आणि गिऱ्हाइकाला छुपा भार पडत नाही. तुम्ही द्यायचं ठरवलंत तर निदान तो खर्च जाहिरातीचा म्हणून वहीत लिहा, गिऱ्हाइकाच्या बिलात सामानाची किंमत फुगवून काढू नका. गावात सामानाचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो.

आणखी एक, जे सुरुवातीला मलाही पटलं नव्हतं. तुमच्याच धंद्यातल्या दोघा-तिघांशी बरं ठेवा. मोठ्या वर्कशॉपला उन्हाळ्यात किरकोळ कामं नको असतात, ती ते तुमच्याकडे वळवतात. तुम्ही लग्नाला सुरतेला गेलात तर तुमचा फोन उचलणारा कोणी पाहिजे.

गूगलवर दुकान

हे फुकट आहे आणि एका दुपारचं काम आहे, तरी निम्मे लोक करत नाहीत. पण ते कोणासाठी करायचं हे आधी समजून घ्या. खेड्यातला जुना शेतकरी मोटारवाला गूगलवर शोधत नाही, त्याला भाऊबंद सांगतात. गूगलवर शोधतो तो माणूस ज्याला गावात विचारायला कोणी नाही: भुसावळला बदलून आलेला रेल्वेवाला, दीपनगरच्या वीज केंद्रातला नवा कर्मचारी, जळगावच्या पिंप्राळा-मेहरूण भागात किंवा धुळ्याच्या देवपुरात नवा फ्लॅट घेतलेला, बँकेत रुजू झालेली बाई. त्यांच्या घरात एसी, गीझर, आरओ सगळं असतं. तुमचं काम घरगुती वस्तूंचं असेल तर हे सगळ्यांत आधी करा, शेतीच्या मोटारीचं असेल तर सवडीने केलं तरी चालेल.

गूगल मॅप्स उघडून आपल्या खात्याच्या चित्रावर टिचकी मारा, तिथे व्यवसायाची प्रोफाइल जोडायचा पर्याय मिळेल. नाव बोर्डावर आहे तेच टाका. ‘जळगावातील सर्वोत्तम स्वस्त एसी दुरुस्ती’ असली शेपटी नावाला जोडणं नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंद पडू शकते. घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात जाता ते दाखवता येतं. मग पडताळणी. आजकाल बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: गल्ली, बोर्ड, शटर, आतली हत्यारं असं सलग, न थांबवता काढायचं. बोर्ड लावण्याआधी हे करायला बसू नका, नाहीतर दाखवणार काय?

वर्णनात मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवा, कारण शोधणारे पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत लिहितात. वेळ खरी टाका. फोटो स्वतःच्या कामाचे हवेत. जळून काळी पडलेली वाइंडिंग आणि शेजारी नवी तांब्याची, एवढे दोन फोटो शंभर शब्दांचं काम करतात. इंटरनेटवरून उचललेला परदेशी मेकॅनिकचा हसरा फोटो पाहून कोणी फसत नाही.

अभिप्राय मागायचा तो काम झाल्याच्या घटकेला. एसीची गार हवा तोंडावर येत असते तेव्हा माणूस खुशीत असतो. प्रोफाइलची लिंक तिथेच व्हॉट्सअॅपवर पाठवा: “ताई, दोन ओळी लिहिल्या तर मला मदत होईल.” बदल्यात सूट देऊ नका, गूगलचा तसा स्पष्ट नियम आहे. स्वतःच्या पुतण्यांकडून पाच पाच तारे लिहून घेणंही टाळा. एकाच दिवशी आलेले, एकाच आडनावाचे आठ अभिप्राय पाहून लोक ओळखतात. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. काय झालं, काय करून दिलं, हे शांतपणे दोन ओळींत लिहा. पुढचं गिऱ्हाईक तारा पाहतं त्याहून जास्त तुमचं उत्तर वाचतं.

एक सावधगिरी. प्रोफाइल टाकली की काही दिवसांत फोन सुरू होतात: ‘तुम्हाला गूगलवर एक नंबरला आणतो, वर्षाचे इतके भरा.’ एक नंबरची हमी कोणी देऊ शकत नाही. ओटीपी तर कोणालाच सांगू नका, प्रोफाइलच हातची जाईल. गिऱ्हाइकांची यादी विकणाऱ्यांपासूनही जपून. मी एकदा वर्षाचे पैसे भरले होते. येणारी प्रत्येक चौकशी माझ्यासोबत आणखी चौघांना जात होती आणि गिऱ्हाईक वैतागून फोन उचलत नव्हतं. घ्यायचंच असेल तर आधी महिन्याचं घ्या आणि वहीतला शेवटचा रकाना पाहून पुढचं ठरवा.

व्हॉट्सअॅप

व्हॉट्सअॅप बिझनेस वेगळं येतं, तेही फुकट. त्यात कामांची यादी फोटोसकट लावता येते, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जातं, गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं. मी तीन लेबलं ठेवली आहेत: ‘काम चालू’, ‘पैसे बाकी’, ‘कापसानंतर’. तिसरं कापूस विकल्यावर पैसे देणाऱ्यांचं, हे खान्देशात सांगायला नको.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या) एका वेळी २५६ माणसं बसतात, पण निरोप पोचतो तो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच. म्हणून काम संपलं की समोरच मिस्ड कॉल द्या आणि सेव्ह करायला लावा. कोणत्या नावाने, तेही सांगा. तुमचं नाव सहा महिन्यांनी त्याला आठवणार नाही, ‘मोटारवाला’ किंवा ‘कूलर’ असं शोधल्यावर सापडलं पाहिजे.

निरोप किती पाठवायचे? माझा हिशेब वर्षाला पाच-सहा, आणि तेही हंगाम पाहून. रोज सकाळी सुविचार आणि गुलाबाचं फूल पाठवणाऱ्याला लोक मुक्यानेच म्यूट करतात. स्टेटसवर मात्र आठवड्यातून दोन-तीन कामं टाकायला हरकत नाही: खोललेली मोटार, लागलेली कॉइल, पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आणि ‘ही का जळाली?’ असं दोन वाक्यांत. विजेच्या तीन फेजपैकी (तारांपैकी) एक गेली तरी ती चालूच राहिली, पाणी खाली गेलं आणि मोटार कोरडी फिरली, केबलचा जोड निघाला. लोकांना अशी कारणं ऐकायला आवडतात. गिऱ्हाइकाचं घर किंवा विहीर दिसत असेल तर विचारून टाका. एका नानांनी मला फोन करून सुनावलं होतं: “माझी मोटार जळली ते पूर्ण गावाले काय सांगतो रे?” बरोबरच होतं त्यांचं.

गावच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकू नका, अॅडमिन काढून टाकेल. त्याऐवजी कोणी अडचण विचारली तर फुकट उत्तर द्या. स्टार्टर उचलत नाही म्हणून कोणी रात्री लिहिलं, तर आधी तिन्ही फेज येतात का ते बघायला सांगा. येत नसतील तर तुमची गरजच नाही, तसं स्पष्ट सांगा. त्या माणसाची मोटार जेव्हा खरंच जळेल, तेव्हा तो दुसरीकडे जाणार नाही.

दहा आकडी नंबरावरून घाऊक एसएमएस पाठवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. धंद्याचे एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी (मोबाइल कंपन्यांकडे करायची) लागते. नियम मोडला की नंबर बंद होतो, आणि तुमचा सगळा जीव त्या नंबरात आहे.

हंगाम चुकला की जाहिरात चुकली

खान्देशात होळी पेटली की कूलर माळ्यावरून खाली येतो. मग कूलरचा निरोप होळीच्या पंधरा दिवस आधी जायला हवा. एप्रिलमध्ये टाकून काय उपयोग? तेव्हा तुमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो आणि नव्या गिऱ्हाइकाला चार दिवस थांबवून तुम्ही स्वतःचीच बदनामी करता. ‘आत्ता सर्व्हिसिंग केलं तर रांगेत उभं राहावं लागणार नाही’ हे फेब्रुवारीत सांगा.

विहिरी-बोअरचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं आणि मोटारी कोरड्या चालून जळतात. मेच्या शेवटाला ज्यांच्याकडे पाणी आहे ते कापूस लावायला घेतात, तेव्हा मोटार एक दिवसही बंद पडून चालत नाही. या हंगामात जाहिरात करू नका. हात मोकळा ठेवा आणि फोन उचला.

रंगारी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्यासाठी दिवाळी आहेच, पण कानबाईला, या खान्देशी देवीच्या सणाला, विसरू नका. श्रावणात कानबाई बसते तेव्हा सुरत, पुणे, मुंबईचे भाऊबंद रोटांसाठी (कानबाईच्या प्रसादासाठी) घरी येतात आणि त्याआधी घर चुना-रंगाने उजळतं. आषाढातच जुन्या गिऱ्हाइकांना फोन फिरवा. आणि सुरतवाल्या पोरांना नंबर द्यायला विसरू नका. गावाकडच्या आईच्या घरातला पंखा बंद पडला की सुरतेतून फोन तेच करतात आणि पैसेही तिकडूनच यूपीआयने येतात.

पत्रक, भिंत, भोंगा, जत्रा

पत्रक अगदीच निकामी नाही, फक्त गावभर उधळू नका. एक कॉलनी निवडा, जिथे काम आत्ताच झालंय. पहाटे पेपरवाले जिथे पेपर लावतात तिथे स्वतः जा आणि त्याच लाइनीच्या पोराकडे शे-दोनशे द्या. पत्रकावर लिहा: ‘तुमच्याच कॉलनीत या आठवड्यात तीन टाक्यांची कामं केली.’ रविवारी टाकू नका. त्या दिवशी पेपर उघडला की साड्या, क्लासेस आणि फर्निचरचा ढीग मांडीवर पडतो.

वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात कारागीर हवा असेल तेव्हा द्या, गिऱ्हाइकासाठी नको. आकाशवाणीचा विचार एकट्या माणसाच्या दुकानाने करूच नये. ऐकणारा नवापूरला असेल तर तुम्ही चोपड्याहून जाणार आहात का?

भिंत रंगवायची तर मालकाची लेखी परवानगी घ्या. परवानगीशिवाय लिहिणं किंवा चिकटवणं हा मालमत्ता विद्रूपणाच्या १९९५ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विजेच्या खांबावर, शाळेच्या कुंपणावर तर हातच लावू नका. गावाच्या फाट्यावरची एक चांगली भिंत पुरते. मालकाची पूर्ण भिंत रंगवून द्यायची आणि आपल्याला चौकोन घ्यायचा, असा सौदा बहुतेक ठिकाणी जमतो. रिक्षावरच्या भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते आणि तो दुरुस्तीवाल्यासाठी पैशाचा धूर आहे.

आठवडे बाजार चांगला, जत्रा नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे पाहायला लोक राज्याबाहेरूनही येतात, पण त्यांच्या घरी तुम्ही स्टार्टर दुरुस्त करायला जाणार नाही. वस्तू विकणाऱ्याला, म्हणजे कूलर, कडबाकुट्टी, लोखंडी पलंगवाल्याला तिथे अर्थ आहे. बाजारात मात्र दर आठवड्याला त्याच पंधरा गावांची तीच माणसं येतात. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे पाण्याचा माठ आणि दोन खुर्च्या ठेवा. दुपारी ऊन टाळायला बसलेला माणूस तुमचं काम बघत बसतो, आणि मोटारीचा विषय आपोआप निघतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामची पैसे भरून करायची जाहिरात शेवटी. करायची तर नकाशावर आपल्या गावाची पिन टाकून आसपासच्या किलोमीटरपुरतीच दाखवा, नाहीतर लाइक पाटण्याहून येतात. वर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो धरून हिशेब करा. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात आपला फोटो, ही जाहिरात नाही. ती वर्गणी आहे; द्यावी लागली तर वर्गणी म्हणून द्या.

हिशेब

समजा दोन हजार घालून पत्रकं वाटली आणि चार कामं आली. मजुरी-सामान जाता कामामागे तीनशे उरले तर बाराशे झाले, म्हणजे आठशे गेले. पण त्या चारातले दोघं पुढच्या वर्षी परत आले आणि एकाने मेव्हण्याला पाठवलं तर हिशेब फिरतो. म्हणून वहीत जुन्या नावापुढे पुन्हा आल्याची खूण करत जा. दर महिन्याला जाहिरातीला किती घालायचे याचा आकडा आधी ठरवा आणि तो संपला की थांबा.

फोन उचलणं हाही जाहिरातीचाच खर्च धरा. विहिरीत उतरलेले असाल तर वर असलेल्या पोराला फोन द्या आणि ‘नाव, गाव, काय झालंय’ एवढं लिहायला शिकवा. जमणार नसेल तर तासाभरात ‘नाही’ सांगा आणि दुसऱ्याचा नंबर द्या.

गेल्या उन्हाळ्यात एका जिभाऊंनी फोनवर पहिलं वाक्य ऐकवलं, “शेवटी लागला बुवा!” मी कामानंतर नेहमीचा प्रश्न विचारला. नंबर पेटीतल्याच स्टिकरवरून घेतला होता, पण उंदराने शेवटचा आकडा कुरतडला होता. त्यांनी शून्यापासून सुरुवात करून सात अनोळखी लोकांना फोन लावले आणि आठव्यांदा मी सापडलो. तेव्हापासून मी नंबर दोन जागी लिहितो, पेटीच्या दारावर आणि पॅनलच्या अंगावरही.